‘स्मृतिचित्रे’ : शोक, संताप आणि त्यांचे प्रयोजन

शोक, क्रोध, भय यांसारख्या क्लेशदायक भावनांना मानवी जीवनात काही प्रयोजन आहे काय, या प्रश्नाची चर्चा तत्त्ववेत्त्यांनी पुष्कळ केली आहे. परंतु तो खऱ्या अर्थाने उभा राहतो तो आपल्या घरात. कर्ता माणूस अकाली जातो, पोटचा मुलगा दुरावतो, वाडीच्या जमिनीवरून भावाभावांतले बोलणे बंद होते. अशा वेळी भेटायला आलेली माणसे साधारणतः दोन वाक्ये बोलतात. ‘देवाची इच्छा, रडू नका,’ हे एक. ‘दुःखातूनच माणूस मोठा होतो,’ हे दुसरे. दोन्ही वाक्यांमागे माया असते यात शंका नाही. परंतु पहिले वाक्य शोकाला जागाच नाकारते आणि दुसरे त्याचा इतक्या घाईने गौरव करते की, शोक करणाऱ्याचे ऐकून घेण्याची आवश्यकताच उरत नाही. या दोहोंपेक्षा निराळे काही म्हणता येईल काय, याचा विचार मराठीतील एका श्रेष्ठ ग्रंथाच्या आधारे करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून चार भागांत हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख करून घेतलेल्या या बाईंनी मराठी गद्यात जे घडविले, त्याला तोड नाही. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे, अमेरिकन मिशनच्या परिवारातले. तरीही महाराष्ट्रातील कोणत्याही ख्रिस्ती घराला हे पुस्तक परके वाटत नाही. आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकानेही ते आपलेच मानले आहे.

या पुस्तकाविषयी आपल्याकडे एक ठरावीक अभिप्राय रूढ झाला आहे. ‘प्रसन्न’, ‘खेळकर’, ‘निर्मळ विनोदाने भरलेले’ ही विशेषणे त्याला वर्षानुवर्षे चिकटून आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांतून जे उतारे आपण वाचले, तेही बहुधा गमतीचे प्रसंग सांगणारेच होते. हा अभिप्राय खोटा नाही, पण अपुरा आहे. लक्ष्मीबाई हसतात हे खरे; परंतु त्या कशावर हसतात, हे पाहिले की लक्षात येते की, या हास्याखाली भय, अपमान, संताप आणि विरह यांची मोठी रास पडलेली आहे. केवळ विनोदासाठी ‘स्मृतिचित्रे’ वाचणे म्हणजे सणाच्या दिवशी चर्चमधली रोषणाई पाहून परतणे आणि वेदीपर्यंत न जाणे होय.

क्लेशदायक भावनांचा विचार भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत आणि त्यांच्या मुळाशी आठ स्थायी भाव मानले आहेत. त्यांपैकी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा हे चार, म्हणजे निम्मे, आपण टाळू पाहतो अशा भावनांचे आहेत. माणसाच्या मनातला हा निम्मा प्रदेश बाजूला ठेवून कला उभी राहू शकत नाही, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. क्रौंच पक्ष्याच्या वधाने व्याकूळ झालेल्या वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, ही कथा तर आपण सर्वच जाणतो. पुढे आधुनिक मराठी समीक्षेत, करुण रसापासून वाचकाला आनंद का होतो, यावर मोठा वाद झाला. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली ती याच संदर्भात. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत आनंदाचे मूळ आहे, असा त्यांचा आशय होता. ग्रीक शोकांतिकेविषयी ॲरिस्टॉटलने सांगितलेली भावविरेचनाची उपपत्तीही आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली.

परंतु हा सारा विचार प्रेक्षकाच्या आणि वाचकाच्या बाजूने झालेला आहे. नाटकगृहात डोळे पुसणाऱ्याला काय लाभते, हे तो सांगतो. ज्याच्या घराला आग लागली आहे, त्याला त्या आगीचा काय उपयोग, हे सांगत नाही. आत्मकथनात भोगणारा आणि सांगणारा एकच असतो. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला नाटकापेक्षा ‘स्मृतिचित्रे’सारखे पुस्तक अधिक उपयोगी पडते.

पुस्तकाची सुरुवातच एका भयापासून होते. १८५७ च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. या घटनेचा धसका त्यांच्या जावयाने, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी असा घेतला की, पुढे त्यांना सोवळ्याचे वेडच लागले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात स्पर्श, पाणी, धान्य, कपडे यांच्या शुद्धाशुद्धतेपायी लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सर्वांचे हाल होत. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. पण थोडे थांबून पाहावे. एका माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या कुटुंबावर मृत्यू आणि बेअब्रू कोसळली. त्या भयाला आणि शोकाला वाचा फुटली नाही. सरकारविरुद्ध बोलण्याची सोय नव्हती आणि पुरुषाने रडण्याची रीत नव्हती. न बोललेले ते भय मग पाण्याच्या घागरीत आणि धान्याच्या सुपात शिरले, आणि ज्यांचा त्या फाशीशी काही संबंध नव्हता त्या मुलांना त्याचा जाच झाला. एखादी भावना दडपली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती वेगळे नाव घेऊन घरात वावरू लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी साहित्यात क्वचितच सापडेल.

या घरातून निघालेली मुलगी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या घरी आली. टिळक प्रतिभावान कवी, उदार, पण अतिशय शीघ्रकोपी. राग आला की घर सोडून निघून जावे, कुठे गेलो ते कळवू नये, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकावा आणि घरात उद्या काय शिजेल याची चिंता करू नये, असा त्यांचा स्वभाव. लक्ष्मीबाई या स्वभावाची थट्टा करतात, परंतु त्याला झाकत नाहीत. थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणींत जी भक्ती अपेक्षित असते, ती येथे आहे. पण तिच्याबरोबर हिशेबही आहे.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज आपण ख्रिस्ती वाचक या घटनेकडे स्वाभाविकच आनंदाने पाहतो. परंतु लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो दिवस कसा होता, याची कल्पना करावी. सत्तावीस वर्षांची बाई, पदरी लहान मुलगा. नवरा जिवंत आहे आणि तरीही नाही. ती सधवा की विधवा, हे समाजाला ठरविता येईना. ज्या निर्णयाने तिचे सारे आयुष्य उलटेपालटे झाले, त्यात तिचा सहभाग नव्हता. पुढची चार-पाच वर्षे तिने पतीपासून दूर काढली. त्यांतला काही काळ पंढरपुरी नातलगांकडे गेला. या काळाची पाने वाचताना आपल्याला तेथे केवळ विरह दिसत नाही. शोक आहे, लोकांच्या बोलण्याने होणारी मानहानी आहे, मुलाविषयीची भीती आहे आणि पतीविषयीचा रागही आहे. हा राग त्यांनी पुढे ख्रिस्ती झाल्यावर, पती निवर्तल्यावर, आपली स्मरणे लिहायला बसल्यावरसुद्धा पुसून टाकला नाही. त्यांना ते सहज करता आले असते. ‘सारे काही देवाच्या योजनेनुसार होते’ असे एक वाक्य लिहिले असते, तर कोणी दोष दिला नसता.

या शोकसंतापाने त्यांच्यासाठी काय केले? माझ्या मते तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट अशी की, आपले कशावर प्रेम आहे, हे त्या दुःखाने त्यांना दाखवून दिले. ज्या माणसाच्या लहरीपणाने आपण आजवर त्रासलो, त्याच्यावाचून आपल्याला जगता येत नाही, हे ज्ञान त्यांना वियोगाने दिले. शोक हा प्रेमाचाच दुसरा चेहरा आहे. जे आपले नाही त्यासाठी कोणी रडत नाही. म्हणून ‘रडू नका’ असे म्हणणे म्हणजे नकळत ‘तुमचे जे होते ते तितकेसे मोलाचे नव्हते’ असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, या भावनेने त्यांना शब्द दिले. वियोगाच्या या काळात लक्ष्मीबाईंनी कविता रचल्या. त्या कवितांच्या गुणवत्तेचा प्रश्न येथे नाही. वडिलांचे भय जेथे मुके राहिले, तेथे मुलीचा शोक बोलका झाला, हा फरक महत्त्वाचा आहे. एकाच पुस्तकात, एकाच घराण्यातल्या दोन पिढ्यांत, आपल्याला भावनेच्या दोन वाटा दिसतात. एक वाट घर कोंदट करते, दुसरी घराचे दार उघडते. दुःख दोन्हीकडे होते. फरक पडला तो एवढाच की, एकाला ते कोणाजवळ बोलता आले नाही आणि दुसरीने ते बोलून दाखविले. म्हणून दुःखाचे प्रयोजन दुःखातच साठवलेले असते, असे मला वाटत नाही. ते कोणासमोर मांडले गेले, ऐकणारा कोणी भेटला, तरच ते उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. या भावनांनी त्यांना स्वतःच्याच दुसऱ्या एका भावनेची परीक्षा करायला लावली. पतीच्या जवळ राहावयास आल्यावरही लक्ष्मीबाईंनी प्रथम आपले सोवळे, आपली वेगळी चूल सोडली नाही. परक्या जातीच्या स्पर्शाविषयी लहानपणापासून अंगात भिनलेली किळस हीदेखील एक खरी, शरीराला जाणवणारी भावना होती. पुढे त्या स्वतःशी विचार करू लागल्या की, हे जातिभेद देवाने केले की माणसांनी? आणि ते माणसांनी केले आहेत असे पटल्यावर, कोणाच्याही हातचे खायला आपली हरकत नाही, असे त्यांनी ठरविले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पतीने धर्म बदलला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. आधी रागावल्या, मग शोक केला, मग तपासले आणि मग स्वतःच्या पायांनी चालत आल्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. शोकाने लक्ष्मीबाईंना खरे सांगितले. किळसेने खोटे सांगितले. दोन्ही भावना सारख्याच तीव्र होत्या. तेव्हा प्रत्येक भावना ऐकून घ्यावी, पण तिच्याच तोंडून निकाल लावू नये. न्यायालयात साक्षीदाराचे म्हणणे पूर्ण ऐकतात, परंतु साक्षीदारालाच खुर्चीवर बसवीत नाहीत. आपल्या मनात दुसऱ्याविषयी उठणारा तिटकारा, परप्रांतीयाची वाटणारी भीती, शेजाऱ्याच्या भरभराटीने होणारी जळजळ यांना हाच नियम लागू आहे.

आता एका संभाव्य गैरसमजाचा विचार केला पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या दुःखातून पुढे चांगले निष्पन्न झाले. मग टिळकांनी केले ते योग्यच झाले, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. टिळकांची श्रद्धा प्रामाणिक होती आणि त्यांच्या काव्याने मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वतःचा स्वर दिला, हे निर्विवाद आहे. तरीही पत्नीला झालेला क्लेश हा क्लेशच होता. दुःखाचा कोणी सदुपयोग करून घेतला, याचे श्रेय दुःख भोगणाऱ्याचे आहे. त्याने दुःख देणाऱ्याचे देणे फिटत नाही. आपल्या घरांत मार खाणाऱ्या सुनेला, व्यसनी नवऱ्याच्या बायकोला ‘क्रूस वाहा’ असा उपदेश जेव्हा केला जातो, तेव्हा नेमका हाच घोटाळा होत असतो. प्रभूने स्वतःचा क्रूस उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवणाऱ्यांची त्याने कोठेही प्रशंसा केलेली नाही.

ख्रिस्तसभेची परंपरा या बाबतीत आपल्या नेहमीच्या सांत्वनवाक्यांपेक्षा कितीतरी अधिक मोकळी आहे, हे पाहून आश्चर्य वाटते. स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेकांचा शेवट आशेत होतो. परंतु ८८ वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखाने संपते, त्याला सांत्वनाची एकही ओळ जोडलेली नाही. ख्रिस्तसभेने ते वगळले नाही. दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते नेमून दिलेले आहे. शापवाणीच्या स्तोत्रांविषयी मात्र तिची द्विधा मनःस्थिती झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७१ साली, धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्या दैनिक प्रार्थनाग्रंथाची नवी रचना झाली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे त्यातून गाळण्यात आली, कारण त्यांतील शत्रूविषयीचा क्रोध प्रार्थना करणाऱ्याला अडचणीचा वाटेल. बायबलमध्ये मात्र ती जशीच्या तशी आहेत. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण आपल्या पवित्र ग्रंथाने माणसाचा संताप देवापासून लपवून ठेवला नाही, एवढे यावरून निश्चित होते. ईयोब तर देवालाच जाब विचारतो; आणि अखेरीस देव बोल लावतो तो ईयोबाला शहाणपण शिकविणाऱ्या मित्रांना.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी भावनांची जी छाननी केली, तीही वाचण्यासारखी आहे. भावना स्वतः चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. विवेक आणि इच्छा त्यांना कोणत्या दिशेने नेतात, यावर त्यांचे नैतिक मूल्य ठरते, ही शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही आली आहे. रागावण्यास रास्त कारण असताना मुळीच न रागावणे हाही दोष होऊ शकतो, असे संत थॉमस मानतात. आणि दुःखावर त्यांनी सांगितलेले उपाय तर फार घरगुती आहेत. कोणताही निर्दोष आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व स्नान! संत ऑगस्टीन यांनी आपली आई मोनिका हिच्या मृत्यूनंतर (सन ३८७) बराच वेळ अश्रू आवरून धरले, स्नान करून पाहिले, त्याने गुण आला नाही. मग झोप लागली, जाग आल्यावर मन थोडे हलके झाले आणि तेव्हा कोठे त्यांनी रडू दिले. आपल्या आत्मकथनात हे ते संकोचत का होईना, पण लिहून ठेवतात. लक्ष्मीबाईंच्या आणि त्यांच्या लेखनात पंधराशे वर्षांचे अंतर आहे, परंतु जात एकच आहे.

याचा अर्थ सर्वच दुःख उपकारक असते, असा मुळीच नाही. काही शोक माणसाला मोडून टाकतो. महिनोन्महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगण्याची इच्छा नाही, अशी अवस्था झाली तर तो विश्वासातला कमीपणा नव्हे. तो आजार आहे आणि त्याला वैद्यकीय उपचार हवे असतात. तेथे ‘दुःखाने माणूस मोठा होतो’ हे वाक्य म्हणजे ताप आलेल्या माणसाला तापाचे फायदे सांगण्यासारखे आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीतही हे विसरू नये की, त्यांना आधार देणारी, त्यांचे ऐकणारी माणसे होती, आणि त्यांच्याजवळ उपजत विनोदबुद्धी होती. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नसते, त्यांच्या दुःखाची ‘स्मृतिचित्रे’ होत नाहीत. ते कोणी वाचतही नाही.

विनोदाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. लक्ष्मीबाई हसतात, ते दुःख झाले नव्हते म्हणून नव्हे. घटना घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी, म्हातारपणी, त्या लिहीत आहेत. शोकाला पूर्ण जागा देऊन झाल्यावरचे ते हास्य आहे. शोक टाळण्यासाठी केलेला विनोद आणि शोक ओलांडून आलेला विनोद यांत महदंतर असते. पहिला थोड्या वेळाने खोटा वाटू लागतो, दुसरा नव्वद वर्षांनीही ताजा राहतो. टिळकांच्या नगरच्या घरात कवी बालकवी पुत्रासारखे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली, हे सर्वश्रुत आहे. पोरकेपण स्वतः भोगलेल्या बाईनेच दुसऱ्यांसाठी आपले घर इतके मोकळे ठेवावे, हा मला योगायोग वाटत नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. वसईच्या माणसाला क्लेशदायक भावनांचा उपयोग ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. समुद्राची भीती नसलेल्या तांडेलाबरोबर अर्नाळ्याचा कोणता खलाशी होडीत बसेल? आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस जेव्हा बागायती वसईच्या छातीवर इमारती उभ्या राहू लागल्या, विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, गुंडगिरी बोकाळली, तेव्हा लोकांच्या मनातली भीती आणि चीड हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने संघटित झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या लढ्याच्या अग्रभागी होते. हेच फादर ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ साली त्यांचे निधन झाले. प्रार्थना करणाऱ्या माणसाने रागावूही नये, असे त्यांना वाटले असते, तर तो लढा उभा राहिला नसता. त्यांच्या त्या रागाच्या मुळाशी केळीच्या बागांवरचे आणि माणसांवरचे प्रेम होते. म्हणूनच तो विध्वंसक झाला नाही.

मग आपल्या लेखनात हे का उतरत नाही? आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका, रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी अंक, आईवडिलांवर लिहिलेले स्मृतिलेख वाचावेत. त्यांतील प्रत्येक बाप कष्टाळू आहे, प्रत्येक आई सोशिक आहे, प्रत्येक मृत्यू शांत आहे. सोशिक आईने काय सोसले, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. कष्टाळू बापाची वाडी गेली तेव्हा त्याला काय वाटले, हे आपल्याला कळत नाही. लेखकाने अनादर करू नये म्हणून मौन धरलेले असते, हे समजू शकते. परंतु त्या मौनामुळे आईही हरवते आणि तिचे सोसणेही हरवते. उरते ते फक्त एक विशेषण. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा राग लिहिला म्हणून टिळक लहान झाले नाहीत. उलट, मराठीत त्यांच्याइतका जिवंत राहिलेला दुसरा कवी शोधावा लागेल. त्यांच्या पत्नीने त्यांना सद्गुणांच्या चौकटीत बसवले असते, तर आज ते भिंतीवरचे छायाचित्र होऊन राहिले असते.

बेथानीच्या त्या घराची आठवण येथे करावीशी वाटते. लाजरस मरण पावल्यावर मार्था आणि मरिया या दोघी बहिणींनी, वेगवेगळ्या वेळी, प्रभूजवळ एकच तक्रार केली, की तो वेळेवर आला असता तर त्यांचा भाऊ वाचला असता. या बोलण्यात श्रद्धा आहे, आणि रुसवाही आहे. प्रभूने त्यांना ‘रडू नका’ म्हटले नाही. थोड्याच वेळात आपण लाजरसाला थडग्यातून बाहेर बोलावणार आहोत, हे ठाऊक असूनही तो त्यांच्याबरोबर रडला. ज्याच्या हाती सांत्वन होते, त्यानेही शोक आधी पुरा होऊ दिला. ज्यांच्या हाती तेवढे सामर्थ्य नाही, अशा आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि लेखकांनी तरी तेवढी सवड द्यायला काय हरकत आहे?

‘स्मृतिचित्रे’ ज्यांच्या घरी असेल त्यांनी या प्रायश्चित्तकाळात ती पुन्हा उघडावी आणि या वेळी हसू येईल तेथे क्षणभर थांबून त्याखाली काय आहे, ते पाहावे. आणि ज्यांना आपल्या आईवर, आजीवर लेख लिहायचा आहे त्यांनी ‘सोशिक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तिला, ती हयात असेल तर, जवळ बसून विचारावे, ‘आई, तुला राग कशाकशाचा आला होता?’ तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. लेख त्यानंतर लिहावा.